पाचच्या बटणावरचा ठिपका

माझी आई ऐंशीची आहे. नारायण पेठेतल्या घरी एकटी राहते, मी कोथरूडला. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. स्मार्टफोनला ती हातही लावत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षरं तिला वाचवत नाहीत, म्हणून जुन्या फोनवर मी तिला पाचच्या आकड्यावर साताऱ्याच्या मावशीचा नंबर लावून दिला होता. पाचच का, तर त्या बटणावर मधोमध एक बारीक ठिपका असतो. बोटाला लागतो. चष्मा शोधायला नको. ठिपका चाचपायचा, दाबून धरायचं, की मावशी फोनवर. सहा-सात वर्षं हे बिनतक्रार चाललं.

मागच्या पावसाळ्यात तो फोन बादलीत पडला. मी तसाच नवा आणला, सिम घातलं, नंबर चढवले, आणि मावशीला पाचवर बसवायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने सवयीने पाच दाबून धरला. पलीकडून एक मुलगी बोलली, काय मदत हवी म्हणून विचारू लागली. आई म्हणाली, "अक्का आहे का गं?" मग 'पोलीस' हा शब्द कानावर पडला आणि तिने घाबरून फोन कापला.

दोन मिनिटांत अनोळखी नंबरवरून फोन आला. आईने उचलला नाही. पुन्हा आला. तोही नाही. अनोळखी नंबर घ्यायचा नाही, आणि चुकून घेतलाच व समोरचा 'पोलीस बोलतोय' म्हणाला तर एक शब्द न बोलता ठेवून द्यायचा, हे मीच तिला महिनाभर घोकून घेतलं होतं. अर्ध्या तासाने दोन बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, मोटरसायकलवरून आले, तीन जिने चढले. "आजी, बऱ्या आहात ना? घरात अजून कोण आहे?" एकाने नम्रपणे परवानगी मागून आतली खोलीही पाहिली. मग पाणी प्यायले आणि गेले.

संध्याकाळी आईचा मला फोन. पोलिसांबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच. पण आवाज पडलेला. "माझ्यामुळे त्या पोरांना उन्हाचे तीन जिने चढावे लागले. खालच्या वहिनी दारात येऊन उभ्या. काय वाटलं असेल त्यांना!"

आईचं काय चुकलं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. मला तिची एकच चूक सापडते, आणि ती पाच दाबण्याची नाही. तिने फोन कापला, ही. तीसुद्धा तिला आपणच शिकवलेली.

पाचच्या बटणाची गोष्ट तिला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर निर्भया निधी आला, आणि संकटातल्या बाईला एका दाबात मदत मागता यावी ही मागणी पुढे आली. एप्रिल २०१६ मध्ये दूरसंचार खात्याने मोबाईलमधल्या पॅनिक बटणाचे नियम काढले. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये ही सोय हवी, असं ठरलं. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण झटपट तीनदा दाबायचं, की फोन ११२ या देशभरच्या आपत्कालीन नंबरवर लागतो. ५ का निवडला, याचं मला वाटतं तेच कारण असावं जे माझं होतं. अंधारात, न बघता, बोटाला सापडणारं बटण तेच.

म्हणजे पाहा. मी आणि सरकार, दोघांनी एकाच शहाणपणाने एकच बटण निवडलं, आणि आई मध्ये सापडली.

चुकून लागणाऱ्या आपत्कालीन फोनांचा सगळा पेच एवढ्यातच आहे. जे बटण घाबरलेल्या, थरथरत्या, अंधारातल्या माणसाला पटकन दाबता यावं म्हणून केलं आहे, ते खिशालाही पटकन दाबता येतं. पर्सलाही येतं. दोन वर्षांच्या नातवालाही येतं. बटण अवघड करावं तर ज्याच्यासाठी केलं त्यालाच ते दाबता येत नाही. यातून साफ सुटका नाही, आणि तशी सुटका आहे असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

हा पेच मोबाईलमुळे आला असंही नाही. जगातला पहिला आपत्कालीन नंबर, ९९९, लंडनमध्ये ३० जून १९३७ रोजी सुरू झाला, आणि तेव्हाही चुकून लागणाऱ्या फोनांचा विचार झालेला होता. डायल फिरवायच्या फोनमध्ये एक फिरवला की तारेवर एक ठोका जायचा, नऊ फिरवला की नऊ, शून्याला दहा. १११ हा नंबर घेतला असता तर वाऱ्याने तारा एकमेकींना घासल्या तरी फोन लागायची भीती होती. हाच हिशोब आपल्या नंबरांना लावून बघायला मला मजा वाटते. आपला जुना १०० म्हणजे एक अधिक दहा अधिक दहा, एकवीस ठोके. पेठांमधून गच्चीवरून गच्चीवर लोंबणाऱ्या तारा कितीही हलल्या तरी एकवीस ठोके नेमके बसणं कठीण. ११२ म्हणजे एक, एक, दोन. अवघे चार! आता त्या तारा गेल्या, डायल गेली, ठोक्यांचा हिशोबही संपला. पण १९३७ सालच्या त्या इंजिनियरांचा एक विचार मला फार आवडतो. वाऱ्याला दंड करता येत नाही, म्हणून नंबर असा निवडा की वाऱ्याला तो लावता येणार नाही.

आपण नेमकं उलट करतो. चुकून फोन लागले की ओरडा दाबणाऱ्याला.

पुण्यापुरतं बोलायचं तर इथे 'वारा' भरपूर आहे. निम्मं शहर दुचाकीवर. हँडलवर मोबाईल अडकवायचा होल्डर असतो, त्याचे दोन जबडे फोनला दोन्ही बाजूंनी धरतात, आणि बहुतेक फोनांचं चालू-बंदचं बटण नेमकं बाजूलाच असतं. मग कात्रजच्या रस्त्यावरचे खड्डे काय करायचं ते करतात. जीन्सच्या घट्ट खिशात फोन कोंबून माणूस गाडीवर बसतो, तेव्हा मांडी वाकली की बटण दाबलं जातं. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल पथकांचे सराव सुरू होतात. कमरेला ढोल, कुडत्याच्या खिशात फोन, आणि माणूस पडल्याचं ओळखून मदतीला फोन लावणारं घड्याळ मनगटावर घातलेला एखादा उत्साही वादक. ते घड्याळ टिपऱ्यांच्या तडाख्याचा काय अर्थ लावत असेल, देव जाणे.

हा नुसता विनोद नाही. २०२२ च्या शरदात आयफोन १४ अपघात ओळखणारी सोय घेऊन आला, आणि त्याच हिवाळ्यात अमेरिकेत कोलोरॅडो, युटा भागातल्या बर्फाच्या उतारांवरून आपत्कालीन केंद्रांना फोनच फोन जाऊ लागले. घसरणाऱ्या माणसाची आपटाआपट फोनला मोटारीची धडक वाटत होती. माणसं मजेत होती. फोन मात्र मदत मागत होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी जाहीरपणे सांगितलं की ९९९ वर विक्रमी संख्येने फोन येत आहेत आणि त्यामागे अँड्रॉइडमधली पाचदा बटण दाबायची सोय हे एक मोठं कारण आहे. दोन्ही वेळा लोक रातोरात बेजबाबदार झाले नव्हते. सॉफ्टवेअर बदललं होतं, आणि दुरुस्तीही मुख्यतः तिथेच करायची होती.

आपल्याकडचा नियम तर आणखी हळवा आहे. तिकडे पाच दाब, इथे तीन. आयफोननेही भारतासाठी तीन दाबांची वेगळी सोय केली ती यामुळेच. आता गंमत अशी की बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर तेच बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो. पर्वतीवर सूर्यास्त बघत उभं राहिलेल्या माणसाला कॅमेरा हवा असतो, बटण जरा अडकतं, तो वैतागून पुन्हा दाबतो. दोन दाब फोटो, तीन दाब पोलीस! एकाच बटणाला ही दोन कामं देणाऱ्या माणसाला मी भेटू इच्छिते.

तिनाचे पाच करावेत का? मला वाटतं, करावेत. २०१६ साली तीन ठरवले तेव्हाचा हेतू चांगलाच होता. पण घाबरलेलं माणूस बटण मोजून दाबत नाही. ते दाबतच सुटतं. पाचदा दाबायला त्याला सेकंदभर जास्त लागेल. खिशाला मात्र पाच दाब सलग जमणं तिनापेक्षा बरंच कठीण आहे. साध्या फोनवर ५ दाबून धरला की फोनने एकदा थरथरून दोन-तीन सेकंद थांबावं. तेवढ्यात मावशीला शोधणाऱ्या बाईचं बोट उचललं जाईल.

इथे एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. फोन लागण्याआधी मोठ्याने भोंगा वाजवून उलटी मोजणी करायची सोय कित्येक फोनांत असते. चुका टाळायला ती उत्तम. पण न्हाणीघरात दार लावून लपलेल्या बाईच्या हातातला फोन भोंगा वाजवू लागला, तर दाराबाहेरच्या माणसाला तो ऐकू जाणारच. म्हणून भोंगा हवा की नुसती थरथर, हे फोन घेताना दुकानात विचारून लावून द्यायला हवं. लक्ष्मी रोडवर किंवा टिळक रोडवर फोन घ्या, दुकानदार काच लावून देतो, कव्हर विकतो, जुने फोटो नव्यात आणून देतो. हे बटण कोणी दाखवत नाही. मलाही कोणी दाखवलं नव्हतं. मी सगळं कव्हर निवडण्यात गुंग होते, हेही खरं.

आता दुसरी बाजू. चुकून लागलेल्या फोनांनी यंत्रणा अडते, हे शंभर टक्के खरं आहे. महाराष्ट्रातला ११२ चा फोन आधी मध्यवर्ती केंद्रात जातो, तिथून माहिती पुण्याच्या पोलिसांकडे येते, आणि मग जवळच्या गाडीला किंवा मार्शलना निरोप जातो. या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे एक माणूस आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला, किंवा जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी घुसलं, तशा रात्री तो माणूस कोणाच्या तरी खिशाशी बोलत बसला असेल तर ते परवडणारं नाही. माझ्या आईकडे आलेले ते दोघे त्या अर्ध्या तासात आणखी कुठे तरी हवे असतील, हा विचार माझ्याही मनातून जात नाही.

पण त्यांचा वेळ कशात गेला, ते नीट बघू या. पाच दाबला गेला, फोन लागला, इथवर दहा सेकंद. आई तेव्हा एवढंच म्हणाली असती, "चुकून लागला बाळ, मी बरी आहे," तर त्या मुलीने दोन प्रश्न विचारून नोंद बंद केली असती. मिनिटभराचं काम. फोन कापला गेला, म्हणून परत फोन करावा लागला. तो उचलला नाही, म्हणून पुन्हा. तोही नाही, म्हणून दोन माणसं, एक मोटरसायकल, तीन जिने. महाग पडली ती चूक नव्हे. चुकीनंतरची लाज महाग पडली.

पुणेकरांना हे समजावून सांगायची गरज नसावी. चुकीच्या दाराची बेल वाजवली तर 'माफ करा' म्हणायच्या आत जिना उतरून पळणारी मुलं आपण सगळेच होतो. फोनवर तेच करतो. चुकीचा लागला की गप्पकन ठेवायचा, जणू दिसलोच नाही. ११२ ला मात्र आपण दिसतो. नंबर दिसतो, साधारण जागाही कळू शकते. आणि पलीकडच्या माणसाला कापलेल्या फोनाचे दोनच अर्थ लावता येतात: एक तर चूक, नाहीतर कोणीतरी हातातून फोन हिसकावला. दुसरा अर्थ धरूनच त्याला चालावं लागतं.

म्हणूनच चुकून फोन लावणाऱ्यांवर कारवाईची भाषा सुरू झाली की माझा जीव घाबरा होतो. मुद्दाम खोट्या बातम्या देणारे, बॉम्बच्या अफवा उठवणारे, रात्री दारू पिऊन शिव्या घालणारे यांच्याबद्दल मी बोलत नाही. सरकारी नोकराला जाणूनबुजून खोटी माहिती देण्यासाठी आधी दंडसंहितेचं १८२ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २१७ आहे. ते खुशाल वापरावं. पण 'जाणूनबुजून' हा शब्द तिथे उगीच घातलेला नाही. खोडी आणि चूक यांना एकाच माळेत ओवून इशारे दिले, तर खोडकर काही घाबरत नाही, तो दुसऱ्याच सिमवरून फोन करतो. घाबरते ती माझ्या आईसारखी बाई. ती पुढच्या वेळी चुकून लागलेला फोन आणखी चपळाईने कापेल. त्याहून वाईट म्हणजे, न्हाणीघरात पडली तरी 'उगीच पोलिसांना कशाला' म्हणून पाच दाबणारच नाही.

गप्प फोन म्हणजे फुकट गेलेला फोन, हे समीकरण किती घातक आहे ते ब्रिटनच्या अनुभवातून कळतं. तिथे मोबाईलवरून आलेल्या मूक ९९९ फोनांतले खिशातले फोन वेगळे काढायला २००२ पासून एक युक्ती आहे: बोलता येत नसेल तर ५५ दाबा, मग फोन पोलिसांकडे जातो. कल्पना चांगली. पण २०१३ मध्ये प्लिमथ शहरातल्या एका महिलेने रात्री ९९९ लावला, ती बोलू शकली नाही, ५५ ही दाबला गेला नाही, आणि तिचा खून झाला. ५५ ची गोष्ट लोकांना नीट माहीतच नाही, हे त्यानंतर ठळकपणे पुढे आलं आणि २०१९ मध्ये त्यासाठी मोहीम काढावी लागली. चाळणी बसवली आणि चाळणीची माहिती दिली नाही, तर दाणेच कोंड्यात जातात. आपल्याकडे अशी चाळणी आणायची म्हटली तर आधी ती मराठीत, हिंदीत, घराघरात पोचवावी लागेल. तोवर कापलेल्या प्रत्येक फोनामागे जाणारे ते मार्शल मला हवे आहेत, कितीही जिने चढावे लागले तरी.

मला सगळ्यात जास्त खुपते ती परत येणाऱ्या फोनाची गोष्ट. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत 'डिजिटल अरेस्ट'च्या भामट्यांनी पुण्यातल्या निवृत्त लोकांना धू धू धुतलं. मी पोलीस, मी सीबीआय, तुमच्या नावाचं पार्सल सापडलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनाही 'मन की बात'मध्ये त्यावर बोलावं लागलं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर पाठ करून घेतला गेला, आणि प्रत्येक घरात मुलांनी आईवडिलांना एकच धडा दिला: अनोळखी नंबरवरून पोलीस बोलतो म्हणाला तर तो पोलीस नाही. अगदी योग्य धडा. आणि आता खरा पोलीस अनोळखी नंबरवरून फोन करतो आणि म्हणतो, आजी, तुमचा फोन आला होता, सगळं ठीक आहे ना? आजीने काय करावं? तिने शिकवल्याप्रमाणेच केलं. एका हाताने आपण लोकांना सांगतो उचलू नका, दुसऱ्या हाताने वाट बघतो की उचलतील.

याला उपाय कठीण नसावा. बँकांच्या आणि सरकारी सेवांच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका काढलीच आहे, की लोकांना खरा-खोटा फोन नंबरावरूनच ओळखता यावा. मग ११२ कडून परत येणारा प्रत्येक फोन एकाच ठरलेल्या नंबरवरून यावा, पडद्यावर '११२' असं दिसावं, आणि तो नंबर वर्तमानपत्रांत, सोसायटीच्या फलकावर, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत सांगितला जावा. भामटे तोही नंबर खोटा दाखवायचा प्रयत्न करतील, हे मला कळतं. म्हणून त्या फोनवर नाव आणि 'बरी आहे' यापलीकडे काही विचारलं जाणार नाही, हेही त्याच दमात सांगायचं. पैसे नाहीत, आधार नाही, व्हिडिओ कॉल तर नाहीच.

नंबरांची गर्दी हा आणखी एक विषय, त्यावर फार बोलत नाही. पोलिसांना १००, आगीला १०१, रुग्णवाहिकेला १०८, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, सायबर फसवणुकीला १९३०, ज्येष्ठांसाठी १४५६७. आणि एका मोबाईल कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र १२१ वर, म्हणजे ११२ मधले दोन आकडे उलटसुलट केले की झालं. रिचार्जची तक्रार करायला निघालेला माणूस पोलिसांपर्यंत पोचणं फारसं कठीण नाही.

पण जुन्या फोनांबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो प्रकार घराघरात आहे. सिम काढलेला फोन आपण 'बंद पडलेला' समजून नातवाला खेळायला देतो. त्याच्या पडद्यावर काय लिहिलेलं असतं ते वाचा: 'फक्त आपत्कालीन कॉल'. नेटवर्कने मुभा दिली तर सिमशिवायही तो फोन लागावा, अशीच मोबाईलच्या तंत्राची मूळ रचना आहे. जर्मनीने २००९ मध्ये सिमविना येणारे ११२ चे फोन बंद केले, कारण त्यातून होणारा त्रास हाताबाहेर गेला होता. आपण ते बंद करावं असं मी म्हणणार नाही. ज्या बाईचं सिम नवऱ्याने काढून घेतलंय तिला तोच एक रस्ता उरतो. नातवाला मात्र बॅटरी काढलेला फोन द्या, नाहीतर खरंच लाकडी गाडी द्या.

आईच्या फोनवर मी मावशीला आता २ वर बसवलं आहे. दोनवर ठिपका नाही, म्हणून नखरंगाचा एक थेंब टाकला. वाळला की बोटाला लागतो. पाच मोकळा ठेवला, आणि आम्ही दोघींनी एकदा तालीमही केली, म्हणजे मी समोर बसून ती मुलगी झाले आणि आई म्हणाली, "चुकून लागला, मी नारायण पेठेतून बोलतेय, मला काही झालेलं नाही." पहिल्यांदा तिने पुढे "माफ करा हं, फार माफ करा" जोडलं होतं, ते काढायला लावलं. फोनजवळच्या भिंतीवर तिच्याच मोठ्या अक्षरात हे वाक्य लिहून लावलं आहे. त्याखाली आणखी एक ओळ लिहायची होती, 'हा नंबर आला तर उचलायचा'. ती ओळ तेवढी लिहून झाली आहे, पुढची जागा कोरी आहे. तिथे कुठला नंबर लिहायचा ते कोणी तरी सांगेल, म्हणून आईने पेन्सिल तिथेच दोऱ्याने बांधून ठेवली आहे.